एकतीस नंबरच्या दारावरचा टॉवेल

आधीच सांगून टाकते. या गोष्टीत रात्र नाही.

जे घडलं ते सगळं टळटळीत उन्हात घडलं. हातात रबरी मोजे, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, कपाळावरून घामाच्या धारा, अशी मी उभी असताना घडलं. कुणाला खोटं वाटत असेल तर खुशाल हसा. तो आवाज फक्त मीच ऐकला असता, तर मीही हसले असते. पण पहिल्यांदा तो रॉयसने ऐकला. रॉयस म्हणजे माझा नवरा. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नाही, आणि खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात.

टेक्सासचा किनारा. सप्टेंबरचा महिना. वादळाचं नाव घेत नाही. आमच्याकडे ज्यांचं घर गेलं, ते कुणीच घेत नाहीत.

समुद्राला लागून असलेल्या एका आरव्ही पार्कमध्ये आम्ही सहा वर्षं राहत होतो. म्हणजे चाकांवरच्या घरांची वस्ती. साठ जागा, साठ घरं, बहुतेक सगळे आमच्यासारखे केस पिकलेले. जागेच्या बदल्यात आम्ही पार्कचं काम करायचो. रॉयस नळ आणि वीज बघायचा. माझ्याकडे न्हाणीघर, कपडे धुण्याची मशीन आणि लोकांची उठाठेव.

‘उठाठेव’ हा शब्द लेस्टरचा.

लेस्टर प्रुइट, एकतीस नंबर. वय अठ्ठ्याहत्तर. सगळा जन्म कोळंबीच्या बोटींवर वेल्डिंग करण्यात गेला, त्यात दोन्ही कान गेले. कानात मशीन घालायचा, पण मन असेल तेव्हाच. एकटा. बायको वारलेली, मुलगी कोरिन सहाशे मैलांवर, लबक शहरात.

आमचं भांडण झालं ते माशांवरून. मासे साफ करायला धक्क्यावर वेगळं टेबल होतं. हा माणूस न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये मासे कापायचा. मी पाटी लावली, ‘येथे मासे कापू नयेत.’ दुसऱ्या दिवशी बघते, तर बरोबर त्या पाटीखाली उभा राहून कापतोय!

“लेस्टर, पाटी दिसत नाही का?”

“दिसते की. ऐकू येत नाही फक्त, शेरिफ मॅडम.”

आजूबाजूचे हसले. मी तक्रार केली. मालक स्ट्राउडने त्याला नोटीस दिली. त्यानंतर दीड महिना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. साठीच्या पुढची दोन माणसं, एका माशावरून! आज लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

आता आमच्या पार्कची एक रीत सांगते. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

किनारा रिकामा करायचा हुकूम आला, की ज्यांना घर ओढून नेता येतं ते नेतात. बाकीचे घर तिथेच सोडून गाडीत बसून निघतात. निघताना दाराच्या हँडलला पांढरा टॉवेल बांधायचा. टॉवेल आहे, म्हणजे घर रिकामं. नंतर शेरिफची माणसं, म्हणजे इथले पोलीस, फेरी मारतात. टॉवेल दिसला की खूण करून पुढे जातात. टॉवेल नसेल तर थांबतात, दार बडवतात, वेळ पडली तर फोडतात. घाईत बांधायला विसरलेल्यांच्या दारावर टॉवेल बांधायचं काम माझं होतं.

बांधण्याआधी दार ठोठवायचं. हा नियम मीच केला होता.

हुकूम आला बुधवारी सकाळी. दुपारी दोनपर्यंत पार्क ओस पडलं. मी न्हाणीघरातले टॉवेल खांद्यावर टाकून रांगा फिरत होते. ठोठावत होते, हाक मारत होते, बांधत होते. वारा वाढला होता. रॉयस गाडीचा हॉर्न वाजवत होता.

एकतीस नंबरला आले. लेस्टरची पिकअप जागेवर नव्हती.

गेला म्हातारा, मी म्हटलं. साधं सांगूनही गेला नाही.

आणि मी टॉवेल बांधला.

ठोठावलं नाही. कशाला ठोठावू? गाडी नाही म्हणजे माणूस नाही. खरं सांगायचं, तर तो असलाच तर त्याचं तोंड बघायचं नव्हतं मला.

रॉयसला यातलं मी काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

गुरुवारी रात्री वादळ धडकलं. आम्ही तेव्हा दीडशे मैल आत, एका शाळेच्या व्यायामशाळेत कॉटवर पडून होतो.

सोमवारी रस्ता उघडला आणि आम्ही परतलो.

साठातल्या जेमतेम वीस घरांना घर म्हणावं असं काही उरलं होतं. एक पोहण्याच्या तलावात उभं होतं. धक्का गायब. सगळीकडे गुडघाभर वाळू, चिखल, तारा, फुटलेले पाइप, मेलेले मासे. आणि वास! वीज नसल्याने प्रत्येक फ्रीजमधलं मटण, कोळंबी, गळाला लावायचं आमिष, सगळं कुजलं होतं. आमच्याकडे असा फ्रीज कुणी उघडत नाही. चिकटपट्टी गुंडाळून दार बंद करायचं आणि तसाच ओढत रस्त्याकडेला नेऊन ठेवायचा. नाकाला फडकी बांधून आम्ही तेच काम धरलं.

वास सगळीकडून येत होता. हे लक्षात ठेवा.

स्ट्राउड पांढरे बूट घालून फिरत होता.

“वेल्मा, रविवारपर्यंत समोरच्या दोन रांगा चकाचक हव्यात. फोटो काढायचेत. पार्क सुरू झालंय हे लोकांना दिसलं पाहिजे.”

“लोक कुठायत?” मी म्हटलं.

“येतील. समुद्र कुठे गेलाय?”

या माणसाला समुद्रात बुडवला तरी हा वर येऊन पाण्याचं भाडं मागेल, असं रॉयस पुटपुटला.

एकतीस नंबरचं घर मात्र उभं होतं. लेस्टरने स्वतः लोखंडी पट्ट्या वेल्ड करून ते जमिनीत रोवलं होतं. पाणी किती चढलं त्याची तपकिरी रेघ भिंतीवर दिसत होती. दाराच्या हँडलच्या वीतभर वर.

मी टॉवेल सोडायला लागले. धुवून परत न्हाणीघरात न्यायचे होते. सगळे चिखलाने तपकिरी, कडक झालेले.

एकतीस नंबरचा...

पांढरा शुभ्र होता. कोरडा. घडीच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. गाठ मी मारली होती तशीच.

मी वर पाहिलं.

छपरावर सीगल बसले होते. तीस-चाळीस असतील. सगळीकडे मेलेल्या माशांची मेजवानी पडलेली, आणि एकही खाली उतरत नव्हता. ओरडतही नव्हता. सीगल आणि गप्प? सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती.

दाराकडे.

लेस्टर त्यांना माशांची डोकी खायला घालायचा. त्याची वाट बघतायत बिचारे, असं मी स्वतःला सांगितलं. टॉवेल सोडला आणि बाकीच्यांबरोबर बादलीत टाकला. कुणाचंही घर मालकाशिवाय उघडायचं नाही, हा पार्कचा नियम. म्हणून आम्ही बाहेरची वाळू तेवढी उपसली आणि पुढच्या घराकडे वळलो.

त्या दाराला पाठ लावून मी डबाही खाल्ला. सावली तिथेच होती.

मंगळवार. सकाळचे अकरा.

रस्त्याकडेला आठ-नऊ फ्रीज रांगेत उभे होते. सगळ्यांना चिकटपट्टी गुंडाळलेली. रॉयस दहावा ओढत होता. मधेच थांबला.

“तू ठोठावलंस?”

“काय?”

“ऐक.”

टक... टक... टक.

तीनदा. मग शांतता. मग पुन्हा तीनदा.

आवाज तिसऱ्या फ्रीजमधून येत होता. आतून.

“गॅस असेल,” रॉयस म्हणाला. “कुजलं की फुगतं सगळं.”

“गॅस मोजून तीनदा ठोठावतो?”

“शिकलेला असेल.”

मग चाकूने त्याने पट्टी कापली, श्वास रोखून दार उघडलं. आत काळं पडलेलं मांस आणि किडे. बाकी काही नाही. रॉयस बाजूला जाऊन ओकला.

तो ओकत असतानाच आवाज पुन्हा आला. आता मागच्या रांगेतल्या उलट्या पडलेल्या घरातून. आम्ही तिकडे गेलो. तो न्हाणीघरातून यायला लागला. शेवटच्या संडासाचं दार बंद होतं, आतून कडी. रॉयसने वरून डोकावलं. आत नुसती वाळू होती.

“पाइपात हवा अडकली,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

आवाज प्रत्येक वेळी थोडा पुढे सरकत होता. कुठल्या दिशेने, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर मी कागदावर मांडून पाहिलं. तिसरा फ्रीज, मागची रांग, न्हाणीघर. तो आम्हाला एकतीस नंबरकडे नेत होता.

बुधवारी दुपारी माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

“मिस वेल्मा? मी कोरिन प्रुइट. लेस्टरची मुलगी. स्ट्राउडसाहेबांनी तुमचा नंबर दिला. पपा तिकडे परत आलेत का?”

“नाही गं. कुठे गेले होते?”

“तेच तर मला कळत नाहीये! सगळ्या निवाऱ्यांच्या याद्या बघितल्या. फोन केला तर केन्ड्रा नावाच्या कुणा मुलीने उचलला. म्हणाली, फोन पिकअपमध्ये राहिलाय, आणि पिकअप तिच्याकडे आहे.”

मी वाळूत बसले.

केन्ड्रा चाळीस नंबरची. पंचविशीतली पोरगी, नवरा आणि चार महिन्यांचं बाळ. हुकूम आला त्या बुधवारी सकाळी त्यांची गाडी सुरूच होईना. लेस्टरने स्वतःची पिकअप त्यांच्या घराला जोडून दिली. म्हणाला, बाळाला पोचवा आणि मला न्यायला या, मी कुठे पळून चाललोय. ते पोचले आणि मागे रस्ता बंद झाला. केन्ड्राने रडत शेरिफच्या कचेरीत फोन केला. एकतीस नंबरला बहिरा म्हातारा आहे, त्याला काढा. आणि त्यांची माणसं गुरुवारी सकाळी खरोखर गेली, नुसती त्याच्यासाठी. नंतर तिला सांगण्यात आलं, की काळजी करू नका, घर रिकामं आहे, दारावर टॉवेल आहे.

तिला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी नेलं असेल. तसंच शेरिफच्या माणसांना वाटलं, आणि कोरिनलाही.

मी फोन कधी ठेवला ते आठवत नाही. मी धावत सुटले.

छपरावर एकही सीगल नव्हता.

मी दारासमोर उभी राहिले. हात वर केला. आणि आयुष्यात पहिल्यांदा लेस्टर प्रुइटचं दार ठोठावलं. तीनदा.

एक क्षण काही नाही.

मग...

टक... टक... टक.

आतून. अगदी स्पष्ट. दाराच्या खालच्या भागातून, माझ्या गुडघ्यापाशी.

“रॉयस!” मी किंचाळले. “जिवंत आहे! म्हातारा जिवंत आहे!”

रॉयस पहार घेऊन आला. त्यानेही ऐकलं. अजून तीनदा. “आलो, मिस्टर लेस्टर! आलोच!” असं तो मोठ्याने ओरडत होता. मी तर रडत हसत होते. देवा, वाचवलंस मला, असं म्हणत होते. त्याला वाचवलंस असं नाही. मला.

दार निघालं.

लेस्टर दारामागेच जमिनीवर होता. अंगावर वाळलेला चिखल. जास्त सांगत नाही. मेलेला होता, आणि आजचा नव्हे.

डॉक्टर नंतर म्हणाले, मृत्यू गुरुवारी रात्री, पाण्याने. पण त्याआधी खुबा मोडलेला. पिकअप जोडून दिल्यावर घरात येताना पडला असावा. उठता आलं नाही. दाराच्या हँडलपर्यंत हात पोचला नाही. त्याच्या मुठीत पाना होता, आणि दाराच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, पत्र्यावर शंभरेक खड्डे होते.

त्याने ठोठावलं होतं. बुधवारपासून पाणी आत येईपर्यंत. बाहेर कोण आहे, कोण नाही, हे त्याला ऐकू येत नव्हतं. तो नुसता ठोठावत राहिला. तीनदा, मग थांबायचा, मग तीनदा.

हे मला कसं माहीत?

कारण बुधवारी दुपारी दोन वाजता, टॉवेलची गाठ मारताना, मी तो आवाज ऐकला होता.

मला वाटलं, वाऱ्याने काहीतरी आपटतंय.

शेरिफचा माणूस आला. पोरगेलासा, डोळे लाल. हातातली यादी पुन्हा पुन्हा बघत होता.

“इथे टॉवेल होता, मॅम. मी स्वतः पाहिला, स्वतः खूण केली. पांढरा टॉवेल. आता कुठे गेला?”

टॉवेल न्हाणीघरामागे दोरीवर वाळत होता. चौदा टॉवेल, सगळे सारखे.

“वाऱ्याने उडाला असेल,” मी म्हणाले.

“पण बांधला कुणी?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण स्ट्राउड मधेच बोलला. “त्यानेच बांधला असणार. हट्टी होता म्हातारा. कुणी त्रास देऊ नये म्हणून बांधला आणि आत बसला. काय गं वेल्मा? तुझं तर त्याच्याशी पटतच नव्हतं, तुला ठाऊक आहे कसा होता ते.”

सगळे माझ्याकडे बघत होते.

“हट्टी होता,” मी म्हणाले.

बस. एवढंच. दोन शब्द.

कोरिन आली. बापासारखंच रुंद कपाळ. वडिलांनी मरण ओढवून घेतलं, असं तिला सांगण्यात आलं होतं. ती कुणावर ओरडली नाही. केन्ड्रा पाय धरायला आली, तर तिलाही उठवलं. पण स्वतःला खात होती. “मी बुधवारीच निघून यायला हवं होतं, मिस वेल्मा. आदल्या दिवशी फोनवर आम्ही भांडलो होतो. म्हणून बसले असतील दार लावून. माझ्यावर रागावून.”

मी तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हणाले, तसं काही नसतं गं. याच हाताने गाठ मारली होती मी.

रविवारी फोटो निघाले. स्ट्राउडने लेस्टरचं घर भंगारात ओढून नेलं आणि जागेचा नंबर बदलून तीस-अ केला. एकतीस नंबर कोण घेईल, म्हणाला. काम हवं, माणूस नको, असं ते ठिकाण. महिन्याभरात आम्ही ते सोडलं.

आता आम्ही आर्कान्सामध्ये राहतो. डोंगरात, समुद्रापासून लांब.

आवाज आमच्यासोबत आला.

रॉयसला तो आता ऐकू येत नाही. मला येतो. आठवड्यातून दोन-तीनदा, नेहमी दिवसा, नेहमी बंद असलेल्या वस्तूच्या आतून. आधी कपड्यांच्या कपाटातून. मग ओव्हनमधून. मग आरशामागच्या औषधांच्या कप्प्यातून. वस्तू लहान होत चालल्या. एका सकाळी मी दलिया खात होते आणि समोरच्या बिस्किटांच्या डब्यातून...

टक... टक... टक.

मी झाकण उघडलं. उघडल्यावर काही नसतंच. पण प्रत्येक वेळी उघडावं लागतं. न उघडलं तर थांबत नाही.

वर्षभर सोसलं. शेवटी मनाशी ठरवलं, की कोरिनला सांगायचं. त्याला दुसरं काय हवं असणार? रॉयस दुकानात गेला होता. मी नंबर फिरवला. दोनदा चुकला.

“कोरिन, टॉवेल तुझ्या पपांनी बांधला नव्हता. मी बांधला.”

पलीकडे लांबून एका लहान मुलीचं गाणं ऐकू येत होतं. तिची मुलगी असणार.

“मला वाटलं ते गेले. पिकअप नव्हती गं. मला वाटलं...”

ती रडायला लागली. बराच वेळ रडली. मग म्हणाली, “म्हणजे ते माझ्यावर रागावून बसले नव्हते?”

“नाही. अजिबात नाही. ते पडले होते. त्यांना बाहेर यायचं होतं.”

“देवा...” ती म्हणाली. आणि मग तिने विचारलं. दुसरं कुणीही हेच विचारलं असतं. “तुम्ही ठोठावलं होतंत ना?”

मी माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. समोर बिस्किटांचा डबा होता.

“हो,” मी म्हणाले. “तीनदा.”

“आणि आतून? आतून काही आवाज आला होता?”

“नाही गं. काहीच नाही.”

तिने लांब श्वास सोडला. “मग तुमचा काय दोष, मिस वेल्मा? कानात मशीन नसणार त्यांच्या. तुम्ही तरी काय करणार? वर्षभर एकटीने हे ओझं वाहिलंत. मला सांगितलंत, फार बरं केलंत.” तिने मला माफ केलं. वर माझे आभार मानले.

त्या दिवसापासून माझ्या घरात आवाज बंद झाला.

पूर्ण बंद. आठ महिने. रात्री झोप लागायला लागली. मला वाटलं, सुटले. अर्धं सांगितलं तरी चालतं म्हाताऱ्याला. तेवढं त्याला पुरलं.

गेल्या महिन्यात कोरिनचा फोन आला. आवाज दबका, पण खूश असल्यासारखा.

“मिस वेल्मा, वेडी म्हणणार नाही ना? तुम्ही तीनदा ठोठावलं होतंत, बरोबर?”

मी खुर्ची ओढून बसले.

“का गं?”

“थांबून थांबून? टक... टक... टक? असं?”

मी बिस्किटांचा डबा हाताने दूर सारला.

“पपा येतात इथे,” ती म्हणाली. “तुमचा फोन आला ना, त्याच दुपारी पहिल्यांदा आले. भिंतीतल्या कपाटातून आवाज येतो, खालून. आधी घाबरले मी. मग लक्षात आलं. तेव्हा तुम्ही ठोठावलंत आणि त्यांना ऐकू आलं नाही. आता ऐकू येतंय त्यांना. त्याचं उत्तर देतायत ते. तुमच्या ठोठावण्याचं. हो ना?”

“कोरिन...”

“आता मीही ठोठावते. ते तीनदा, मग मी तीनदा. माझी पोरगी तर रोज शाळेतून आली की कपाटासमोर जाऊन बसते. आजोबांशी खेळते म्हणे. काल आत जाऊन दार ओढून घेतलं होतं तिने, मी उघडलं तर हसत होती.”

सांगायला हवं होतं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की तो उत्तर देत नाहीये. तो ‘मला बाहेर काढा’ म्हणतोय. मी कधीच ठोठावलं नव्हतं, मी त्याचा आवाज ऐकला होता आणि ऐकून निघून गेले, आणि हे तू मला विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. म्हणून तो माझ्याकडून तुझ्याकडे आलाय. पोरीला त्या कपाटापासून लांब ठेव.

“मिस वेल्मा? ऐकताय ना? बरोबर करतेय ना मी?”

“हो,” मी म्हणाले. “बरं करतेस.”

त्यानंतर तिचे चार फोन येऊन गेले. मी एकही घेतला नाही. रॉयस विचारतो, कुणाचा फोन आहे. मी म्हणते, चुकीचा नंबर.

त्याला सांगू शकत नाही, तिला सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहिलं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त नावं बदलली आहेत. माझं सोडून बाकीच्यांची बदलावीत, असं मनात होतं, म्हणजे तिने कधी वाचलंच तर तिला कळेल.

माझंही बदललंय.